वरातीच्या चार महिने आधी घोडं

सप्टेंबरचा पहिला आठवडा. जर्मनीत अजून उन्हाळ्याची शेपटी वळवळत असते. सुपरमार्केटच्या दारात कलिंगडांचा ढीग, गिऱ्हाईकं अर्ध्या चड्डीत. आत शिरलं की बार्बेक्यूच्या कोळशाच्या पोत्यांशेजारी लेबकूखेनच्या डब्यांची भिंत उभी. लेबकूखेन म्हणजे मध, बदाम-अक्रोडाचा भरडा, दालचिनी, लवंग घातलेली जाडसर, मऊ बिस्किटं. खाली कागदासारखी पातळ पांढरी चकती चिकटलेली असते; नवखा माणूस ती सोलून टाकतो, पण ती खायचीच असते. हा अस्सल नाताळचा खाऊ, आणि नाताळ तर २५ डिसेंबरला. बाहेर लोक सावली शोधतायत आणि डब्यावर बर्फात बुडालेली घरं.

दरवर्षी कुणीतरी वैतागतं, दरवर्षी वर्तमानपत्रात त्याची बातमी येते आणि दरवर्षी डबे त्याच सुमाराला येतात. या धंद्यातल्या लोकांनी त्यावर एक गमतीशीर तोडगाही काढलाय. ते याला नाताळचा खाऊ म्हणतच नाहीत, ‘हर्ब्स्टगेबेक’ म्हणतात, म्हणजे शरद ऋतूतली बिस्किटं. नाव बदललं की तारखेची लाज वाटत नाही.

ब्रिटनमध्ये ईस्टरची चॉकलेटी अंडी नव्या वर्षाच्या पहिल्याच दिवशी मांडलेली दिसतात. अमेरिकेत भोपळ्याच्या मसाल्याची कॉफी शरद ऋतूची म्हणून ओळखली जाते. स्टारबक्सने २००३ साली ती आणली, आणि २०२४ साली ती २२ ऑगस्टलाच दुकानात आली. शरद संपात, म्हणजे शरद ऋतूची सुरुवात, होतो २२-२३ सप्टेंबरला. इंग्रजीत या प्रकाराला ‘ख्रिसमस क्रीप’ असं नाव १९८०च्या दशकातच पडलं. क्रीप म्हणजे सरपटत पुढे येणं. शब्द अचूक आहे, कारण एका उडीत हे कुणीच करत नाही. दरवर्षी दोन-चार दिवस, इतकंच.

‘दुकानदार हावरट, दुसरं काय’ असं म्हणून हा विषय मिटवता येतो. पण हावरटपणा तर शंभर वर्षांपूर्वीही होता. मग तारीख आत्ताच का सरकते? आणि हावरटपणाच कारण असेल तर खाऊ बाराही महिने का विकत नाहीत? मधेच कुठेतरी का थांबतात? खरी गंमत या दोन प्रश्नांत आहे.

आधी थोडं मागे जाऊ. जुन्या ख्रिस्ती रीतीत सणाचं खाणंपिणं सणाच्या आधी नसायचं, ते सणापासून सुरू व्हायचं. नाताळ २५ डिसेंबरला सुरू होऊन पुढे बारा दिवस चालायचा. त्याच्या आधीचे आठवडे म्हणजे आगमनकाळ, आणि तो उपवासाचा. ड्रेस्डेनचा श्टोलेन हा नाताळचा केक आज लोण्यात आणि साखरेत घोळलेला असतो, पण तो मुळात या उपवासातला रूक्ष पाव. लोणी वर्ज्य, म्हणून तेलात केलेला. शेवटी १४९१ साली पोप आठवे इनोसंट यांनी पत्र पाठवून तिथल्या लोकांना लोणी वापरायची मुभा दिली. ते पत्र ‘लोण्याचं पत्र’ म्हणूनच प्रसिद्ध आहे. विलायतेत आणखी कडक कारभार. १५९२ साली लंडनच्या बाजार अधिकाऱ्याने हुकूम काढला की मसाल्याचे पाव फक्त अंत्यविधीला, गुड फ्रायडेला आणि नाताळात विकायचे. एरवी विकताना सापडलात तर माल जप्त आणि गोरगरिबांना वाटून टाकायचा. आज तेच पाव, वर क्रूस काढलेले, ब्रिटनमध्ये नाताळ उलटताच बेकरीच्या रॅकवर असतात.

तेव्हा खाऊला तारीख होती ती धर्माची आणि कायद्याची. दोन्ही बाजूला झाले, आणि तारीख ठरवायचं काम हिशेबाकडे आलं.

हा हिशेब समजायला चॉकलेट बाजूला ठेवू आणि एक पेपरवाला घेऊ. अर्थशास्त्रात आणि व्यवस्थापनात हे कोडं त्याच्याच नावाने ओळखलं जातं. पेपरवाल्याला पहाटे ठरवावं लागतं, आज किती अंक घ्यायचे. एक अंक विकला गेला तर समजा दोन सुटतात, उरला तर तीन बुडतात. किती लोक येतील ते त्याला माहीत नाही. कमी घेतले तर गिऱ्हाईक परत जातं, जास्त घेतले तर संध्याकाळी रद्दी. उत्तर असं निघतं की पुढचा एक अंक विकला जाण्याची शक्यता साठ टक्क्यांहून जास्त वाटते तोवर घेत राहायचं, त्याखाली गेली की थांबायचं. (दोन गुणिले साठ आणि तीन गुणिले चाळीस, दोन्ही बरोबर एकशेवीस. तिथे नफा-तोटा सारखा.) बँकेने गल्ल्यात रोख किती ठेवावी हे सांगताना एजवर्थ नावाच्या अर्थतज्ज्ञाने १८८८ सालीच असाच विचार मांडला होता.

आता पेपरच्या जागी चॉकलेटचा सांताक्लॉज ठेवा. २४ डिसेंबरला त्याची किंमत पुरेपूर, २७ तारखेला निम्मी, जानेवारीत कुणी विचारत नाही. चॉकलेट तेच, चव तीच, खराबही झालेलं नाही. पण वरात निघून गेली, आता घोडं कुणाला हवंय? उरलेले सांता वितळवून त्यांचे ईस्टरचे ससे करतात अशी एक अफवा जर्मनीत फार लाडकी आहे. ती खरी नाही. प्रत्येकाचा चकचकीत कागद सोलायचा, परत आलेल्या मालाच्या स्वच्छतेची खात्री करायची, यापेक्षा नवं चॉकलेट स्वस्त पडतं. उरलेला माल अर्ध्या किमतीत जातो किंवा दान होतो.

आणि पेपरवाल्यापेक्षा दुकानदाराची अडचण मोठी आहे. पेपरवाला आज सकाळी चुकला तर उद्या सकाळी सुधारतो. सणाच्या मालाची ऑर्डर कित्येक महिने आधी जाते. अमेरिकेतल्या हर्शी कंपनीचं उदाहरण घ्या. जुलै २०२२ मध्ये कंपनीच्या तेव्हाच्या प्रमुख मिशेल बक यांनी गुंतवणूकदारांना सांगितलं की यंदा हॅलोवीन आणि नाताळची सगळी मागणी आम्ही पुरी करू शकणार नाही. सणाचा माल आणि रोजचा माल एकाच यंत्रांवर निघतो, आणि सणाचा माल काढायला वसंतातच सुरुवात करावी लागते. त्या वर्षी रोजच्या चॉकलेटलाच एवढा उठाव होता की कंपनीने यंत्रं त्याला दिली. हॅलोवीन ३१ ऑक्टोबरला, आणि त्याचं भवितव्य ठरतं एप्रिल-मेमध्ये.

मग आठ महिने आधी केलेल्या अंदाजाची चूक निस्तरायची कशी? विकण्याचे दिवस वाढवून. सहा आठवड्यांऐवजी पंधरा आठवडे माल समोर राहिला तर प्रत्येक डब्याला विकलं जाण्याची संधी जास्त. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे बातमी लवकर कळते. सप्टेंबरात बदामवाला डबा पटापट जातोय आणि संत्र्याच्या सालीचा पडून आहे, असं दिसलं तर नोव्हेंबरपर्यंत मालाची हलवाहलव करता येते. डिसेंबरात कळून काय उपयोग? म्हणजे सप्टेंबरातले डबे हा एक प्रकारचा विमा आहे. त्यातून तेव्हा फार खप होतो असं नाही, पण शेवटच्या आठवड्यातला धसका कमी होतो.

ईस्टरच्या बाबतीत तर तारीखच पळती आहे. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा रविवार, असा त्याचा ढोबळ नियम, त्यामुळे तो २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्यामध्ये कुठेही पडतो. २०२४ मध्ये तो ३१ मार्चला होता, २०२५ मध्ये २० एप्रिलला. १ जानेवारीपासून विक्री धरली तर पहिल्या वर्षी ९१ दिवस मिळाले, दुसऱ्या वर्षी ११०. सण मागेपुढे होतो, पण नवं वर्ष हलत नाही, म्हणून सुरुवात तिथेच बांधलेली बरी.

आणखी एक साधं कारण आहे, ते रॅकचं. मोठ्या दुकानात एक पट्टा कायम ‘सीझन’साठी राखलेला असतो. शाळा उघडायच्या वेळी तिथे वह्या-दप्तरं. शाळा उघडल्या की पट्टा रिकामा. तिथे काय ठेवायचं? पुढचा सण जो असेल तो. कित्येकदा नाताळ ‘लवकर’ येत नाही, दप्तरं वेळेवर जातात इतकंच.

सगळाच खाऊ मात्र इतक्या लवकर येऊ शकत नाही. लेबकूखेनमध्ये साखर-मध भरपूर आणि पाण्याचा अंश कमी, त्यामुळे ते महिनोन्‌महिने टिकतं. श्टोलेन तर काही आठवडे मुरला की जास्तच चांगला लागतो. चॉकलेटचं तसं नाही. त्यातलं कोकोचं लोणी आपल्या अंगाच्या उष्णतेच्या जरा खाली, ३४ अंशांच्या आसपास वितळतं, म्हणून तर ते जिभेवर विरघळतं. ऊन लागून ते मऊ झालं आणि परत घट्ट झालं की वर पांढरट थर येतो. खाल्लं तर काही होत नाही, पण बुरशी आलीय असंच वाटतं. म्हणून जर्मनीत आधी मसाल्याची बिस्किटं येतात, पोकळ चॉकलेटी सांता थंडीची चाहूल लागल्यावर.

आतापर्यंतचा हिशेब एकट्या दुकानाचा होता. एकटं दुकान कुठेतरी समाधानाने थांबलं असतं. सरपटणं सुरू होतं ते दुसरं दुकान समोर असतं म्हणून.

समजा गावात दोन दुकानं आहेत आणि दोघंही १ नोव्हेंबरला नाताळचा माल लावतात. एकाने एके वर्षी २५ ऑक्टोबरला लावला. त्या आठवड्यात ज्यांना घ्यायचं होतं ते सगळे त्याच्याकडे गेले, आणि डब्याबरोबर दूध-पावही तिथूनच घेतला. पुढच्या वर्षी दुसरा २० ऑक्टोबरला. पाचसहा वर्षांनी दोघेही सप्टेंबरात, गिऱ्हाईकं पुन्हा निम्मी निम्मी, आणि दोघांची जागा मात्र आता दीड महिना जास्त अडकलेली. दोघांनाही परत जावंसं वाटतं. पण जो आधी मागे जाईल तो मार खाईल.

हे फक्त मिठाईचं दुखणं नाही. १९४०च्या दशकात अमेरिकेतली इस्पितळं शिकाऊ डॉक्टर गाठण्यासाठी इतकी घाई करू लागली की विद्यार्थी पदवीपासून दोन वर्षं लांब असतानाच त्याची नेमणूक पक्की व्हायची. हा पुढे चांगला डॉक्टर होईल की नाही, हे तेव्हा ना इस्पितळाला माहीत, ना त्याला. पण थांबलं तर दुसरं इस्पितळ त्याला उचलणार. बाजाराच्या या उसवत जाण्याचा अभ्यास अॅल्व्हिन रॉथ यांनी केला. २०१२ साली लॉइड शॅप्ली यांच्याबरोबर त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. इस्पितळांनी एकमेकांना वचनं देऊन पाहिली, पण ती टिकली नाहीत. १९५२ साली सगळ्यांच्या पसंतीच्या याद्या एका ठिकाणी घेऊन एकाच दिवशी जोड्या लावायची पद्धत आली, तेव्हा कुठे हे थांबलं.

वचन कधी टिकतं आणि कधी नाही, याचा माझा सगळ्यात आवडता दाखला १९३९ सालचा आहे. अमेरिकेत थँक्सगिव्हिंग हा सण नोव्हेंबरच्या शेवटच्या गुरुवारी असायचं. त्याच्या आधी नाताळच्या जाहिराती करायच्या नाहीत असा दुकानदारांचा अलिखित संकेत होता, आणि तो बऱ्यापैकी पाळला जाई. त्या वर्षी शेवटचा गुरुवार आला ३० तारखेला, म्हणजे नाताळाला जेमतेम साडेतीन आठवडे. मंदीचे दिवस. दुकानदार हवालदिल. संकेत मोडून एक आठवडा आधी जाहिराती सुरू करणं किती सोपं होतं! पण त्यांनी ते केलं नाही. त्यांनी, विशेषतः ओहायोचे बडे दुकानदार फ्रेड लाझरस यांनी, राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांना गळ घातली की सणच आठवडाभर आधी घ्या. रूझवेल्टनी खरोखर घेतला, २३ नोव्हेंबरला! देशात रण माजलं. जवळजवळ निम्मी राज्यं नव्या तारखेला गेली, बाकीची जुन्याच, आणि टेक्सासने दोन्ही दिवस साजरे केले. लोकांनी चिडून त्याला रूझवेल्टच्या फ्रँकलिन या नावावरून ‘फ्रँक्सगिव्हिंग’ असं नाव दिलं. शेवटी १९४१ च्या डिसेंबरात कायदा होऊन नोव्हेंबरचा चौथा गुरुवार पक्का झाला. दुकानदारांना संकेत मोडण्यापेक्षा राष्ट्राध्यक्षांकडून सण हलवणं सोपं वाटलं, हे आज वाचताना हसू येतं. पण तो संकेत केवढा भक्कम असेल याचा तो पुरावाही आहे. पुढे तो मोडलाच. कुणी मोडला ते सांगता येत नाही, कारण तो एका दिवसात मोडलेला नाही.

आता आपली, म्हणजे गिऱ्हाईकांची बाजू. ‘हे फारच लवकर झालं बुवा’ असं म्हणणारेच डबा उचलतात हे उघड आहे, नाहीतर तो तिथे राहिलाच नसता. त्यात दुकानाला आणखी एक फायदा होतो. १९९८ साली आयलावाडी आणि नेस्लिन या दोन संशोधकांनी पाहिलं, की घरात जास्त माल आणून ठेवला तर तो संपण्याचा वेग वाढतो का? केचपचा फारसा वाढला नाही, दह्याचा चांगलाच वाढला. केचपच्या बाटल्या दोन आणल्या म्हणून कुणी दुप्पट केचप खात नाही. मिठाई कुठल्या गटातली, ते घरोघरी माहीत आहे. नाताळसाठी म्हणून आणलेला डबा ऑक्टोबरात फोडला जातो, मग नाताळसाठी दुसरा आणावा लागतो.

मग वर्षभर का विकत नाहीत? हा प्रयोग होऊन गेलाय. ब्रिटनमध्ये कॅडबरीचं क्रीम एग १ जानेवारी ते ईस्टर एवढंच मिळतं. १९८०च्या दशकात कंपनीने ते बारमाही विकून पाहिलं. खप घटला, आणि कंपनी मुकाट्याने हंगामावर परत आली. ‘आत्ता नाही घेतलं तर मिळणार नाही’ या हुरहुरीवरच ते अंडं विकलं जात होतं. म्हणजे दोन ओढी उलट्या दिशेने काम करतात: स्पर्धा तारीख अलीकडे खेचते, आणि दुर्मिळपणाची किंमत तिला थोपवते. सण फार लांबवला की विकायला सणच उरत नाही. रस्सीखेच कुठे थांबते ते प्रत्येक खाऊचं वेगळं.

लवकर खरेदी म्हणजे सरसकट वाईट, असं मात्र मला म्हणवत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत ‘नाताळची खरेदी लवकर करा’ अशी मोहीमच निघाली होती, आणि ती दुकानदारांची नव्हती. समाजसुधारक फ्लॉरेन्स केली आणि त्यांच्या नॅशनल कन्झ्युमर्स लीग या ग्राहक-संघटनेने ती चालवली. शेवटच्या आठवड्यात काउंटरमागच्या मुली रात्री उशिरापर्यंत उभ्या असत, आणि पुडकी पोचवणारी पोरं थंडीत मध्यरात्रीपर्यंत गाडीवर. गिऱ्हाईकांनी आधी खरेदी उरकली तर यांचे हाल वाचतील, असं साधं म्हणणं. आजही ज्या घरात महिन्याचा पगार महिन्यालाच संपतो, तिथे सप्टेंबरात एक डबा, ऑक्टोबरात एक, असं करणं शहाणपणाचं ठरतं. ब्रिटनमध्ये त्यासाठी वर्षभर हप्ते भरून घेणाऱ्या कंपन्या होत्या. त्यातली फेअरपॅक २००६ च्या ऑक्टोबरात बुडाली आणि हजारो घरांचा नाताळ तिच्याबरोबर गेला. पैसे कुणाकडे ठेवण्यापेक्षा डबाच घरात असलेला बरा, असं त्या घरांना वाटलं तर नवल नाही. फिलिपाइन्समध्ये तर १ सप्टेंबरलाच नाताळची गाणी लागतात, आणि तिथे त्याबद्दल फारसं कुणी कुरकुरत नाही.

पण शर्यत थांबवायचीच असेल तर ती थांबते, याचा नमुना त्याच जर्मन सुपरमार्केटात सापडतो. नववर्षाच्या फटाक्यांना तिथे प्रचंड मागणी. तरीही ते एक दिवससुद्धा आधी येत नाहीत, कारण सर्वसामान्य ग्राहकांना ते वर्षाच्या शेवटच्या तीनच दिवसांत, २९ ते ३१ डिसेंबरला विकता येतात. मधे रविवार आला तर २८ पासून. कारण सुरक्षेचं, पण परिणाम असा की सगळी दुकानं एकाच सकाळी सुरुवात करतात आणि कुणाचं काही बिघडत नाही. बिस्किटांसाठी असा कायदा करायला कुठलंही सरकार धजावणार नाही. १५९२ चा लंडनचा हुकूम आठवला तर ते बरंच आहे.

त्या सप्टेंबरात मी अर्थातच एक डबा घेतला. चव बघायला म्हणून. तो आठवड्यात संपला. मग नाताळला पाहुणे येणार म्हणून २३ डिसेंबरला त्याच दुकानात गेलो. कोळशाची पोती केव्हाच गेली होती. लेबकूखेनच्या भिंतीच्या जागी एका जाळीच्या टोपलीत तीन-चार चेपलेले डबे, वर निम्म्या किमतीचं लाल लेबल, आणि मला हवा होता तो पांढऱ्या चकतीवाला प्रकार एकही नाही. शेजारचा पट्टा एक मुलगा पुसून रिकामा करत होता. त्याला विचारलं, आत गोदामात असेल का?

‘संपला,’ तो म्हणाला. ‘आता इथे फटाके लागतील. पण २९च्या आधी नाही.’